तेराव्याची कॉफी

वन्सं, आधी माझं भांडण ऐकून घ्या. रडायचं काय ते मागाहून बघू. तुम्ही गेलात त्याला आज एकोणीस दिवस झाले, आणि गेले पाच दिवस मी तुमच्यावर इतकी संतापले आहे की सकाळी फोटोपुढे निरांजन ठेवतानासुद्धा तोंडातून "काय म्हणावं या बाईला!" एवढंच निघतं. हे ते ऐकतात आणि हळूच पेपर उचलून ओट्यावर जाऊन बसतात. तुमचाच भाऊ तो, भांडणाच्या वाऱ्याला उभा राहत नाही.

काय झालं ते सरळच सांगते. तुमच्या तेराव्याला आम्ही तुमचं बी भाजून प्यायलो. अंगणातल्या तुमच्या त्या कॉफीच्या झाडाची एकच फांदी, जिच्यापायी तुम्ही दोन वर्षं कुणाशी धड बोलला नाहीत, तिचं होतं नव्हतं तेवढं सगळं बी. दोन मुठी. मीच ते धुतलं, मीच उखळात सडलं, मीच लोखंडी कढईत मंद आचेवर भाजलं. एक दाणा करपू दिला नाही आणि एक दाणा मागे ठेवला नाही.

आणि डब्यावर काय लिहिलं होतंत तुम्ही? सतरा. नुसता आकडा! बत्तीस वर्षं कॉफीच्या संशोधन केंद्रात काढलेल्या बाईला "हे पेरायचं बी आहे, हात लावाल तर याद राखा" एवढं लिहायला काय धाड भरली होती? घरात माणसं राहतात वन्सं. आकडा बघून सरळ होणारे तुमच्या केंद्रातले मदतनीस नव्हेत. आणि ठेवलात कुठे तो डबा, तर माझ्या स्वयंपाकघरात, पाण्याच्या मातीच्या घागरीमागे. गारवा लागतो म्हणून. मला एका शब्दानं सांगितलं असतंत तर मी त्या डब्यावर बसून राहिले असते.

कुंभकोणमच्या मावशींना सापडला तो. तुमच्या आईची पाठची बहीण, नव्वदीला टेकलेली, पण दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात कुठे काय आहे ते अजून त्यांना बरोबर दिसतं. बाराव्याच्या दिवशी सकाळी पाणी प्यायला म्हणून आल्या आणि डबाच उचलला. आत ओलसर कोळशाची पूड, आणि तिच्यात पांढरट सालीतले कॉफीचे दाणे. "कमलीनें आपल्या हातें पिकविलें," म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना. "मालती, उद्यां शुभस्वीकार. ही कॉफीच कर. तिची आवड, दुसरें काय?"

तेराव्याच्या गोड जेवणाला तुम्ही तंजावूरची मराठी माणसं शुभस्वीकार म्हणता, आणि त्या पानात गेलेल्या माणसाच्या आवडीचं काहीतरी पडलंच पाहिजे, हे मला या घरात येऊन अडतीस वर्षं झाल्यावर कुणी सांगायला नको. तुमच्या आवडीचं काय करायचं यावर दोन दिवस नुसता खल चालला होता. कुणी म्हणालं पुरणपोळी, कुणी म्हणालं दह्यातली डांगर पचडी. खरं सांगायचं तर तुम्हाला कशाचीच आवड नव्हती, समोर येईल ते तुम्ही पुस्तकात डोकं घालून खात होतात. त्यामुळे मावशींनी कॉफी म्हटल्याबरोबर सगळ्यांनी माना डोलावल्या. कॉफीची डॉक्टर, तिला कॉफीच आवडणार!

मी तरी बोलायला हवं होतं. तुम्हाला कॉफी आवडत नव्हती हे घरात एकट्या मला पक्कं ठाऊक होतं. आयुष्यभर कॉफीवर काम करून तुम्ही दिवसाकाठी अर्धा टंबलर प्यायचात, तोही निवलेला, काढा घ्यावा तसा. पण मी गप्प बसले. मला वाटलं, तुमच्या हातची कॉफी माझ्या हातानं होणार, यापरीस चांगलं काय? आणि तो कोळसा बघून उलट तुमचीच कीव आली. म्हटलं, बाईला घरातलं कणभर ठाऊक नाही, किडा लागू नये म्हणून दाण्यात कोळसा घालून बसली आहे. हसलेसुद्धा मी वन्सं. तुम्ही गेल्यावर पहिल्यांदा हसले, ते त्या कोळशावर.

मग काय विचारता. दाणे तीन पाण्यांनी धुतले, दिवसभर उन्हात टाकले, संध्याकाळी सडून सुपानं साल पाखडली. भाजायला लागले तसा वास माजघरातून थेट गल्लीत गेला. समोरच्या घरातली बाई विचारून गेली, कोणतं बी आणलंत म्हणून. मी तोऱ्यात सांगितलं, आमच्या वन्संनी लावलेलं.

तेराव्याला जेवणं झाली आणि मी पितळी फिल्टरातलं डिकॉक्शन काढलं. सगळ्यांना पुरणार नव्हतंच, म्हणून घोटभर घोटभर दिलं, तीर्थ द्यावं तसं. आधी एक टंबलर तुमच्या फोटोपुढे ठेवला. मावशी म्हणाल्या, अमृत. ह्यांच्या ऑफिसातले निवृत्त साहेब म्हणाले, वा वा. मग मी माझा घोट घेतला आणि नकळत तुमच्या खुर्चीकडे बघितलं. रोज मी पहिला घोट घेतला की तुम्ही पेपरातून मान वर न करता विचारायचात, "कशी आहे गं?" त्या दिवशी कुणी विचारलंच नाही. मी टंबलर खाली ठेवला आणि पानं उचलायला लागले.

दुसऱ्या दिवशी सेल्वी आली. तुम्ही तिचं नाव कधी काढलं नव्हतंत, म्हणून मला आधी कळेना ही कोण. तिशीची पोरगी, झाडांच्या बीजावर काम करणारी, खांद्याला मोठी पिशवी, दारातच तमिळमध्ये म्हणाली, "अम्मा, मला काल कळलं. खूप वाईट वाटलं. मॅडमनी सतरा नंबरचं बी ठेवलंय ना? जून लागायच्या आत पेरायला हवं." वन्सं, माझ्या हातात घासलेला फिल्टर होता. तोच.

तिला सांगितलं तेव्हा ती रडली नाही, ओरडली नाही. नुसती पायरीवर बसली. मग म्हणाली, "मग झाड तरी दाखवा." मी तिला अंगणात नेलं आणि तिच्याबरोबर मीही पहिल्यांदाच ते झाड नीट बघितलं. वाळून कोळ झालं होतं.

त्याचाही राग तुमच्यावरच आहे. "माझ्या झाडास कोणीं हात लावूं नये," हा हुकूम कुणाचा? एप्रिलमध्ये तुम्हाला इस्पितळात ठेवलं. मी दिवसभर तिथे. हे बिचारे रोज संध्याकाळी कढीपत्त्याला पाणी घालायचे, जुईला घालायचे, तुळशीला घालायचे, आणि तुमच्या झाडाला वळसा घालून परत यायचे. ताईनं सांगितलंय ना! तंजावूरचं एप्रिलचं ऊन ते. कावेरीच्या या सपाट मुलखात भात होतो, नारळ होतो, कॉफी होत नाही हे शेंबडं पोरही सांगेल. तुम्ही झावळ्यांचा मांडव घालून, ओली पोती गुंडाळून, दिवसातून तीनदा पाणी देऊन ते झाड अकरा वर्षं नुसतं हट्टावर जगवलं होतंत. एका आठवड्यात खलास.

आणि इस्पितळात तुम्ही रोज विचारत होतात, "झाड?" मी रोज सांगत होते, "छान आहे." न बघता. संध्याकाळी घरी आल्यावर अंगणात चार पावलं टाकून बघायला मला काय झालं होतं? हा राग माझा माझ्यावर आहे, तो इथे लिहून ठेवते. तो काही तुमच्या पदरात टाकत नाही.

पण तुम्ही जे करत होतात ते मला कधी नीट सांगितलंत का? सांगितलंत म्हणा. एकदाच, आणि तेही भांडणात. मी मिरजेची, चहाच्या घरातली. लग्न होऊन इथे राजवाड्यामागच्या गल्लीत आले तेव्हा कॉफी कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं. सासूबाईंनी फिल्टर हातात दिला, आणि दोन वर्षांत मी अशी तयार झाले की गल्लीत कुणाचं डिकॉक्शन बिघडलं की मला बोलावणं यायचं. तुम्ही डोंगरावरच्या त्या केंद्रातून महिन्या-दोन महिन्यांनी घरी यायचात. पिशवीत आठ-दहा लहान लहान पुड्या. "भाज, आणि मज सांग कशी आहे." मी सांगायची. ही आंबट आहे, ही ओल्या लाकडासारखी लागते, ही चांगली आहे पण मागाहून घसा धरते. तुम्ही म्हणायचात, "हं." बस्स, हं! माझं डोकं फिरायचं.

एकदा मी म्हटलंच, "वन्सं, या सगळ्या एका मळ्यातल्या आहेत ना? मग चव वेगळी कशी?" तर तुम्ही फिसकन हसलात. "तुझ्या जिभेस काय कळतें? सगळी अरबिका एक." आणि मग तुम्ही मला ते सगळं सांगितलंत, भाजी निवडता निवडता, म्हणजे मी निवडत होते आणि तुम्ही निवडलेली भाजी पुन्हा कचऱ्यात टाकत होतात. जगभर पसरलेली अरबिका कॉफी म्हणजे मूठभर झाडांची पिलावळ आहे. मुळात कधीकाळी दोन जातींचा एकदाच संकर झाला, मग माणसांनी त्यातली थोडी झाडं उचलून देशोदेशी नेली, आणि पुढे त्यांचीच पोरं, त्यांचीच नातवंडं. सगळी एका तोंडवळ्याची. म्हणून तांबेऱ्याचा रोग आला की एकजात सगळी माना टाकतात. एखादं वेगळं असतं तर ते तरी वाचलं असतं.

"मग वेगळेपण येतं कुठून?" मी विचारलं. तेव्हा तुमचा चेहरा बघायला हवा होता. तुम्ही उठून माझी पाककृतींची वही आणलीत, मिरजेहून आणलेली, आईच्या अक्षरातली. म्हणालात, समज, या वहीतली एखादी ओळ आपण होऊन उडाली आणि दुसऱ्या पानावर जाऊन चिकटली. लोणच्याच्या पानावरची "मोहरी फेसून घाला" ही ओळ शिऱ्याच्या पानात शिरली. शिरा बिघडला. बहुतेक वेळा बिघडतोच, नाहीतर काहीच होत नाही. पण हजारात एकदा काहीतरी नवं, खाण्यासारखं होतं. झाडाच्या बीजात असल्या उड्या मारणाऱ्या ओळी असतात. काही आपली नक्कल काढून दुसरीकडे चिकटवतात, काही जागाच सोडून उडतात. कॉफीची निम्म्याहून अधिक वही असल्याच ओळींनी भरली आहे. एरवी त्या झोपलेल्या असतात. ऊन, तहान, रोग असं काही झाडाच्या जिवावर बेतलं की त्यातल्या काही जाग्या होतात.

मी म्हटलं, "हा तर आगाऊपणा झाला." तुम्ही म्हणालात, "तुझ्यासारखा. तूंही मिरजेहून उडून आमच्या घरांत येऊन चिकटलीस, आणि आमची वही बदलली." मला तेव्हा राग आला होता. आता तेच वाक्य मी पुन्हा पुन्हा मनात घोळवते. तीनशे वर्षं त्याच दहा-बारा घराण्यांत सोयरिकी करणाऱ्या तुमच्या माणसांत मी परकी आले, माझ्या बोलण्याला सगळे हसले, आणि तुम्ही एकट्या म्हणालात की बरं झालं.

तुमच्या केंद्रातल्या लोकांना मात्र वेगळं काही नकोच होतं. रोपवाटिकेत एखादं रोप जरा निराळं दिसलं, पान अरुंद, खोड बुटकं, की उपटून टाकायचं, ही तिथली शिस्त. तुम्ही ती उपटलेली रोपं गोळा करायचात आणि कुंपणाजवळ त्यांची एक रांग लावली होतीत. प्रत्येकाला नंबर. माझ्याकडे यायच्या त्या पुड्या त्या रांगेतल्या, हे मला कुठे ठाऊक होतं! तुमच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी नवा साहेब आला. त्यानं बाहेरच्या दोन शास्त्रज्ञांकडून कागद करून घेतला, "लक्षणीय वेगळेपण आढळले नाही," आणि रांग साफ केली. आता तिथे पाहुण्यांच्या गाड्या उभ्या राहतात म्हणे. त्यातलं सगळ्यात धाकटं, गुडघ्याएवढं सतरा नंबरचं झाड तुम्ही पोत्यात गुंडाळून, बसमध्ये मांडीवर घेऊन तंजावूरला आलात. सहा तासांचा प्रवास. साडी चिखलानं भरलेली, आणि मी दारातच म्हणाले, "अहो, पाय तरी धुऊन या."

त्याच साहेबानं परवा फोन केला. "त्यांची उणीव कायम भासेल." वन्सं, मी या घरची सून, तोंड सांभाळायला शिकले आहे, पण त्या दिवशी मी फोन ठेवला नाही. मी म्हटलं, "भासायला हवी होती तेव्हा भासली का?" ह्यांनी कपाळाला हात लावला.

दोन वर्षांपूर्वीची ती सकाळ मला चांगली आठवते. तुम्ही अंगणातून ओरडलात. कधी नव्हे ते ओरडलात. "मालती, ये ये, लौकर ये!" तुमच्या झाडाला नेहमी पिवळी फळं लागायची. त्या वर्षी एका फांदीला, फक्त एकाच, लाल लागली होती. मी आतून म्हटलं, "डिकॉक्शन उतरतंय, मागाहून येते." आले नाही. पुढे तुम्ही दहादा बोलावलंत. एकदा पोळ्या होत्या, एकदा पाहुणे होते, एकदा मला उगाच राग आला होता. मी ती फांदी फळांसकट एकदाही बघितली नाही. या जानेवारीत तुमच्या खोलीत कागदावर लाल काहीतरी वाळत होतं, दारातून दिसलं. मला वाटलं मिरच्या.

सेल्वीनं मला समजावलं. रंगाच्या ओळीत मधेच कुठलीतरी उडती ओळ घुसून बसली असेल म्हणून फळं पिवळी व्हायची, आणि त्या एका फांदीत ती उठून निघून गेली असेल, म्हणून लाल परत आलं, असा तुमचा अंदाज होता. खरं की खोटं, ते बीजातल्या ओळी वाचून बघायचं होतं. तिच्या प्रयोगशाळेत ते होणार होतं. बी पेरून रोपं करायची, ती निराळी निघतात का बघायचं, त्यातली चार पुन्हा डोंगरावर लावायची. तुमची रांग पुन्हा उभी राहणार होती. ती मी प्यायले, दूध-साखर घालून.

हे म्हणाले, "जाऊ दे गं, शेवटी कॉफीच होती." मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

सेल्वीनं वाळलेल्या फांदीची पानं कागदी पाकिटात भरली, काटकीचे तुकडे घेतले. म्हणाली, यातून थोडंफार वाचता येईल कदाचित, पण जिवंत झाड आता नाही. मग तिनं तुमची वही मागितली. तुमच्या टेबलाच्या खणात होती, एक नव्हे, नऊ. लांब, बाइंडिंगच्या. तिनं उघडली आणि तिच्या कपाळाला आठी पडली. अक्षरं तमिळ, पण एक शब्द तिला लागेना.

मला लगेच कळलं. तुम्हाला देवनागरी वाचता येत नव्हती, म्हणून तर संध्याकाळी मी मासिकं मोठ्यानं वाचायची आणि तुम्ही डोळे मिटून ऐकायचात. पण तुम्ही विचार करायचात आपल्या मराठीत, आणि लिहायचात तमिळ अक्षरांत. मला तमिळ बोलता येतं, बसच्या पाट्या वाचता येतात, पण तुमचं ते मुंग्यांसारखं हस्ताक्षर माझ्या बापाला वाचता आलं नसतं. म्हणजे सेल्वीला वाचता येत होतं पण कळत नव्हतं, मला कळलं असतं पण वाचता येत नव्हतं.

"तू नुसतं वाच," मी म्हटलं. "मोठ्यानं. अर्थ माझ्याकडे सोड."

ती वाचायला लागली. अडखळत, आपल्या तमिळ हेलात, एकही शब्द न समजता. "नऊ. मालती म्हणाली, आंबट आहे, पण चांगली आंबट." मी चमकले. "बारा. मालती म्हणाली, ओल्या लाकडासारखी लागते." "चार. मालती म्हणाली, परवाच्यापेक्षा बरी, मागाहून घसा धरते. चार नंबर दोनदां दिला, न सांगतां. दोन्ही वेळां तेंच म्हणाली." सेल्वीनं मान वर केली. "अम्मा, प्रत्येक ओळीत हा एकच शब्द येतोय. मालती. हे कसलं नाव? झाडाचं?"

वन्सं! सत्तावीस वर्षांच्या पुड्या! तुम्ही मला न विचारता, न सांगता, माझी जीभ वापरलीत. एकच पुडी महिन्याच्या अंतरानं दोनदा देऊन माझी परीक्षा घेतलीत, आणि मी पास झाले तेही मला कळू दिलं नाहीत. तोंडावर "तुझ्या जिभेस काय कळतें," आणि आत खोलीत जाऊन लिहायचं, मालती म्हणाली. एकदा, एकदा तरी म्हणायचंत ना, की मालती, तुझं बरोबर आहे! मी त्या "हं" वर सत्तावीस वर्षं जळत राहिले. सेल्वीसमोर माझे डोळे भरले आणि मी तिला सांगितलं की मला राग आलाय म्हणून. तिनं विश्वास ठेवला की नाही कोण जाणे.

ती वाचत राहिली. पुढे पुढे माझ्याविषयीही लिहिलेलं होतं. "मालतीस ताप. चव घेतली नाहीं." "मालतीची आई गेली. आज विचारलें नाहीं." माझी आई गेली तेव्हा तुम्ही सांत्वनाचा एक शब्द बोलला नव्हतात, ते मी मनात धरून ठेवलं होतं. आता आठवलं, त्या महिन्यात पुड्या आल्याच नव्हत्या.

शेवटच्या वहीचं शेवटचं पान या मार्चचं होतं. सेल्वीनं वाचलं, "सतरा. लाल फांदी. बी दोन मुठी. सेल्वीकरितां ठेवलें. पन्नास दाणे मालतीस भाजावयास द्यावे." मग खाली, नव्या ओळीवर, "मालती म्हणाली." आणि तिथे तिनं थांबून पान उलटलं. पुढे कोरं.

म्हणजे त्यातले पन्नास माझेच होते. तेवढे तुम्ही मला देणारच होतात. बाकीचे मी चोरले म्हणू की मावशींनी, तुम्हीच ठरवा. वही मी मांडीवर घेतली. सेल्वी म्हणाली, या ओळीचा अर्थ काय? मी तमिळमध्ये सांगितला. तिनं त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. मग फार हळू म्हणाली, "अम्मा, तुम्ही प्यायलात ना ती?"

त्या वेळी माझ्याजवळ पेन नव्हतं, तिनं तिचं दिलं. मी लगेच लिहिलं नाही. कारण तुमच्या वहीत खोटं चालायचं नाही. फळाचा रंग फिरला म्हणून दाण्याची चव फिरते का, मला माहीत नाही. सेल्वी म्हणाली, तसं कुणी दाखवलेलं नाही. इथल्या उन्हानं ती चव आली असेल. तुम्ही म्हणाल, शोकात होतीस, तुझ्या जिभेवर काय भरवसा. मी तेरा दिवस धड जेवले नव्हते, हेही खरं. पण शोकातही मला मीठ मीठच लागत होतं आणि मावशींची खीर बेचव लागली होती, ती बेचवच होती. त्या घोटाला मी टंबलर खाली ठेवला होता तो रडू आलं म्हणून नव्हे. मी तुमच्या खुर्चीकडे बघितलं ते तुम्हाला काहीतरी सांगायचं होतं म्हणून. अडतीस वर्षांत या घरात मी जितकी कॉफी प्यायले, त्यातली एकही तशी नव्हती. आणि विचारायला तुम्ही नव्हतात.

तुमच्या केंद्राच्या कागदावर साहेबांची सही आहे, दोन शास्त्रज्ञांच्या सह्या आहेत. माझी सही कोण विचारतो? पण वही तुमची आहे, आणि तिच्यात सत्तावीस वर्षं माझंच म्हणणं लिहिलेलं आहे. तेव्हा मी तुमच्या तमिळ अक्षरांपुढे, माझ्या देवनागरीत, तुम्हाला वाचता येणार नाही अशा अक्षरात लिहिलं, आणि फोटोपुढे उभी राहून मोठ्यानं वाचून दाखवलं. आता हं म्हणा नाहीतर म्हणू नका.

सतरा. लाल फांदी. मालती म्हणाली, वेगळी आहे.